समरप्रसंग

वेळेच्या बाबतीत मी पक्का आहे, असं माझं स्वतःचं मत आहे. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते; मी सहाला फलाटावर असतो. लग्नपत्रिकेत मुहूर्त ६ वाजून ४२ मिनिटांचा असला, तर साडेसहाला मी मुठीत अक्षता घेऊन उभा असतो. नवरामुलगा तेव्हा मारुतीच्या देवळापाशी, नाचणाऱ्या मित्रांचं समाधान होण्याची वाट बघत असतो. त्यात मी ज्या कारखान्यात एचआर सांभाळतो तिथे वेळ हेच दैवत. चाकणच्या एमआयडीसीत आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट आणि तत्सम सुटे भाग करतो. गिऱ्हाईकाच्या असेंब्ली लाइनवर माल ठरल्या वेळी पोचला नाही तर लाइन थांबते आणि थांबलेल्या मिनिटांचं बिल आमच्या नावावर फाटतं. माल फार आधी आणून ठेवणं हाही आमच्याकडे गुन्हाच, कारण गोदामात पैसा अडकतो. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी रूढ केलेलं ‘जस्ट इन टाइम’ आमच्या भिंतीवर इंग्रजी, हिंदी आणि मराठीत रंगवलेलं आहे. हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढं.

अशा भिंतीखाली आयुष्य काढलेल्या माणसाकडे कंपनीने समर इंटर्न आणायचं काम दिलं, यात कंपनीचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

कल्पना एमडींची. एमडी परिसंवादाहून परतले की पुढचा आठवडा आम्ही सगळे जरा जपून असतो. या वेळी ते ‘टॅलेंट पाइपलाइन’ घेऊन आले होते. आमच्याकडे तोवर पाइपलाइन म्हटली की हायड्रॉलिक ऑइल कुठे गळतंय एवढंच बघायची पद्धत होती. एमडींनी समजावलं, “कॉलेजातली हुशार मुलं उन्हाळ्यात दोन महिने आणायची. कामाला लावायची. आवडली तर तिथल्या तिथे नोकरीची ऑफर द्यायची. पीपीओ म्हणतात त्याला. शिक्षण संपलं की मुलगा आपला. सगळे असंच करतात.”

“मुलं आणायची कधी?” मी विचारलं.

“समर इंटर्न म्हणजे समरमध्ये. हे मी सांगायचं?”

हिशेब सरळ होता. मुलं एप्रिलात हवीत, तर निवड मार्चमध्ये. होळी झाली, हवेत उकाडा आला आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत दाखल झालो. प्लेसमेंट विभागात एसी चालू होता आणि शांतता होती. ती शांतता मला शिस्तीची वाटली. प्लेसमेंट बघणाऱ्या प्राध्यापकांनी चहा मागवला, माझं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि नम्रपणे विचारलं, “कुठल्या उन्हाळ्यासाठी आला आहात?”

“ह्या.”

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मग सगळं नीट समजावून सांगितलं. दोन वर्षांचा एमबीए. मुलं जून-जुलैत येतात. पहिलं वर्ष संपताना, एप्रिल-मेमध्ये, आठ-दहा आठवडे समर. पण त्या समरची निवड दिवाळीच्या आगेमागेच उरकते. मोठ्या संस्थांत तर त्याचं शास्त्र झालंय. अहमदाबादच्या आयआयएममध्ये एकाच जातकुळीच्या कंपन्यांचे कोहॉर्ट पाडतात आणि ते ठरल्या दिवशी एकत्र येतात. इतर ठिकाणी डे झिरो, डे वन, डे टू अशी उतरंड. झिरोला येणारी कंपनी सगळ्यांत वरची. त्यापुढे आकडा वाढत जातो तशी पत उतरत जाते. म्हणून नवीन मुलगा होस्टेलवर गादी टाकतो न टाकतो तोच सीनियर त्याला सीव्ही लिहायला बसवतात.

“म्हणजे मुलगा जुलैत येणार, ग्रंथालय कुठे आहे ते त्याला ऑगस्टात कळणार आणि ऑक्टोबरात तो पुढच्या एप्रिलचं ठरवणार?”

“साधारण तसंच,” ते म्हणाले. “ग्रंथालयाचं मात्र सगळ्यांनाच कळतं असं नाही.”

निघताना त्यांनी मला संस्थेचं नाव कोरलेला काचेचा ठोकळा भेट दिला. कुठल्याही कॅम्पसवरून माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळलं. पुढे माझ्या कपाटात असे ठोकळे, मग, शाली आणि कुंडीतली एक तुळस जमा झाली. जमला नाही तो इंटर्न.

एमडींना मी सांगितलं, “यंदाच्या उन्हाळ्याला आपण जरा उशिरा आहोत आणि पुढच्या उन्हाळ्याला भरपूर लवकर.” वाक्य मी गाडीत बसून घोटलेलं होतं. एमडींना ते आवडलं नाही.

पुढल्या खेपेला मी गाफील राहिलो नाही. ऑगस्टातच फाइल हलवली. आमच्याकडे माणूस मागायचा एक छापील फॉर्म आहे. त्यात एक रकाना आहे, ‘कोणाच्या जागी?’ मी लिहिलं, ‘कोणाच्याच नाही.’ फाइल परत आली. मग लिहिलं, ‘नवीन.’ तेव्हा फायनान्सच्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “खर्च पुढच्या एप्रिलमधला. पुढच्या वर्षाचं बजेट फेब्रुवारीत बसतं, मार्चअखेर पास होतं. आत्ता मी कशावर सही करू?” मी म्हटलं, “मुलं आत्ता पक्की करावी लागतात.” ते म्हणाले, “मुलं पक्की करा. पैसे कच्चे ठेवा.” तेवढ्यात पितृपक्ष लागला. एमडींचे वडील, म्हणजे आमचे मोठे साहेब, पितृपक्षात नव्या पेन्सिलीवरही सही करत नाहीत. सर्वपित्री उलटली, घट बसले, खंडेनवमीला मशिनींना झेंडूचे हार चढले आणि त्याच दिवशी, हळदीकुंकवाच्या बोटांचा ठसा असलेला मंजूर कागद माझ्या हाती आला. कॅम्पसचा हंगाम तोवर रंगात आला होता.

संस्थेच्या फाटकापाशी एक तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण उभा होता. अंगात ब्लेझर, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. हा प्लेसकॉमचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्याच प्लेसमेंट कमिटीचा. माझ्या नोकरीला त्याच्या वयाइतकी वर्षं झाली असावीत.

“कंपनी, सर?”

मी नाव सांगितलं.

“स्पेलिंग?”

मी स्पेलिंग सांगितलं. त्याने कागदावर वरून शोधायला सुरुवात केली आणि पान उलटलं. “डे फोर, स्लॉट थ्री.”

“म्हणजे किती वाजता?”

“बाकीच्यांचं झालं की, सर.”

डे फोर हा माझाच दिवस होता, कारण वेळेवर पोचणं माझ्या रक्तात आहे. फक्त स्लॉट थ्री संध्याकाळचा निघाला आणि मी सकाळी आठला आलो होतो. दिवसभर मी व्हरांड्यात बसून बघितलं. ऑक्टोबर हीटमध्ये सूट-टाय घातलेली शंभरेक मुलं. एक जण दुसऱ्याच्या टायची गाठ मारून देतोय, एक भिंतीकडे तोंड करून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पुटपुटतोय, एक समोसा हातात धरून बसलाय, खात नाहीये. मध्येच वॉकीटॉकीवरून एखादं नाव पुकारलं जाई आणि तो मुलगा धावत सुटे. ऑफर मिळालेला प्रक्रियेबाहेर, हा इथला नियम. त्यामुळे दर तासाला व्हरांडा थोडा रिकामा होई. शिल्लक राहतील ते माझे.

माझ्या खोलीत आलेल्या पहिल्या मुलीला मी आमची उत्पादनं सांगितली. ती पापणी न हलवता म्हणाली, “सर, मला लहानपणापासून ब्रॅकेटमध्ये रस आहे.” हिला ताबडतोब सेल्सला घ्यावं असं मला वाटलं. पण ती बाहेर पडते न पडते तोच एका साबण कंपनीने तिला उचललं. साबणातही तिला लहानपणापासून रस असणार.

मग एक गंभीर चेहऱ्याचा मुलगा आला. मी सोपा प्रश्न टाकला, “मार्केटिंगचे चार पी सांगा.”

“सर, आत्तापर्यंत दोनच झालेत. प्रॉडक्ट आणि प्राइस. प्लेस आणि प्रमोशन मिडटर्मनंतर आहेत.”

ह्यावर काय बोलणार? प्लेसच्या आधी प्लेसमेंट ठेवायची व्यवस्था काही त्याने केलेली नव्हती. मुलगा संस्थेत जे शिकायला आला ते अजून शिकायचंय, म्हणून त्याबद्दल विचारता येत नाही. मग विचारायचं काय? दहावीचे मार्क. बारावीचे मार्क. छंद. सीव्हीत एका ठिकाणी होतं, ‘वार्षिक सामाजिक उपक्रमासाठी चाळीस जणांच्या टीमचं नेतृत्व, निधी संकलन आणि लॉजिस्टिक्स.’ खोदून विचारल्यावर तो गणपती निघाला. निधी म्हणजे वर्गणी आणि लॉजिस्टिक्स म्हणजे विसर्जनाचा ट्रॅक्टर. मला मनापासून आवडला हा मुलगा. ट्रॅक्टर वेळेवर आला होता. मी म्हटलं, “बरं, उरलेल्या दोन पींचा अंदाज करा पाहू.” त्याने तोंड उघडलं, इतक्यात वॉकीटॉकीवाला आत आला, “सॉरी सर” म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. दुसऱ्या कुणीतरी त्याला पसंत केलं होतं. उत्तर अर्ध्यावर राहिलं. तिसरा पी त्याला येत होता असा मला दाट संशय आहे.

मला त्या दिवशी शाल मिळाली.

“एमबीए सोडा,” एमडी म्हणाले. “आपल्याला इंजिनिअर हवेत. तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या.” हे मला पटलं. ज्या मुलाने लेथ जवळून पाहिलाय त्याला ब्रॅकेटबद्दल खोटं बोलावं लागत नाही. पण इंजिनिअरिंगकडे वळल्यावर दिसलं की इथला उन्हाळा आणखी आधी उगवतो. पवईच्या आयआयटीत शेवटच्या वर्षाच्या नोकऱ्यांचा हंगाम १ डिसेंबरला सुरू होतो म्हणून त्याचा एवढा गाजावाजा. पण पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नची निवड तिथे तिसरं वर्ष सुरू होतं न होतं तेव्हाच, जुलै-ऑगस्टात चालू झालेली असते. वरच्या कॉलेजांत ऑगस्ट, म्हणून मधल्या कंपन्या मधल्या कॉलेजांत जुलैअखेर पोचतात. मधल्यांनी जुलै गाठला, म्हणून आमच्यासारख्यांनी आणखी लवकर जायचं. तेव्हा विद्यापीठाचा दुसऱ्या वर्षाचा निकालही लागलेला नसतो. बायोडेटावर ‘सीजीपीए’पुढे मुलं लिहितात, ‘अवेटेड.’ आम्ही निकालाआधी मुलं निवडतो आणि निकाल लागल्यावर निकष ठरवतो.

या काळात माझी झोप कमी झाली आणि वाचन वाढलं. त्यातून एक मोठा दिलासा मिळाला. हा आजार आपल्याकडचा नाही, नवा नाही आणि चांगल्या घराण्यातला आहे. अमेरिकेत गेल्या शतकात इस्पितळांना शिकाऊ डॉक्टर, म्हणजे इंटर्नच, हवे असत. प्रत्येक इस्पितळ शेजारच्या इस्पितळाच्या आधी मुलगा गाठू बघे. असं करत करत १९४० च्या दशकात वेळ अशी आली की, मुलगा डॉक्टर व्हायला दोन-दोन वर्षं असताना त्याची जागा ठरू लागली. त्याला शस्त्रक्रिया आवडते की रक्त बघून भोवळ येते, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसे. शेवटी वैद्यकीय महाविद्यालयांनी एकजूट केली की, १९४५ पासून अमुक तारखेच्या आत विद्यार्थ्याची कुठलीच माहिती बाहेर द्यायची नाही. तारीख पाळली गेली. मग घाई दुसऱ्या बाजूने फुटली. ऑफर दिल्यावर विचार करायला मुलाला १९४५ मध्ये दहा दिवस होते. ही मुदत दरवर्षी आकसत गेली आणि १९४९ पर्यंत इस्पितळांना बारा तासही जास्त वाटू लागले. सगळी तारांबळ थांबली ती १९५२ मध्ये, सर्वांनी आपापले पसंतीक्रम एका ठिकाणी द्यायचे आणि जोड्या मध्यवर्ती पद्धतीने लावायच्या असं ठरल्यावर. अशा जोड्यांचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ मध्ये मांडलं. या घाईचा माग आल्विन रॉथ यांनी काढला. शेपली आणि रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

गेल-शेपलींच्या त्या लेखाचा विषय कॉलेजप्रवेश आणि लग्नाचं स्थैर्य असा जोडीने आहे, हे मी घरी सांगितलं. सौ. भाजी निवडत म्हणाली, “स्थैर्याचं गणित बायकांना विचारायचं. नोबेल वाचलं असतं.”

एमडींना मी म्हटलं, आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून जोसातर्फे एकत्र होतात, मुलं पसंतीक्रम भरतात, जागा वाटल्या जातात. इंटर्नसाठीही तसं झालं तर सगळेच सुटतील. एमडींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “छान. पण पसंतीक्रमात आपण कितवे असू?” तो विषय तिथेच मिटला.

दहाचे बारा झाले, बाराचे शून्य झाले, हा इतिहास वाचून माणसाने धडा घ्यायचा असतो. मी तंत्र घेतलं. श्रावणातच एका कॉलेजात गेलो आणि आवडलेल्या मुलाला समोर बसवून म्हटलं, “ऑफर आहे. आत्ताच्या आत्ता हो की नाही सांग.” मुलगा तासगावकडचा, हुशार, मेकॅनिकलचा. तो घाबरला. म्हणाला, “सर, आईला विचारू?” मी उदारपणे म्हटलं, विचार. त्याने फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला.

“नमस्कार सायेब. पोरगं म्हणतंय आत्ताच्या आत्ता सांगायचंय. एवडी कसली घाई वो?”

“नाही, म्हणजे आमची प्रक्रिया असते तशी.”

“काम कवापासनं हाय?”

“मे-जूनमध्ये.”

“आन आत्ता काय चाललंय?”

“श्रावण,” मी म्हणालो.

“मग?”

ह्या ‘मग’ला नोबेलवाल्यांकडेही उत्तर नसावं.

“न्हाई, आमची द्राक्षाची बाग हाय. छाटनी ऑक्टोबरात, माल फेब्रुवारीत. येपारी सौद्याला येतो तो घड बगून. तुमी छाटनीच्या आदीच आलायसा.” मग त्या माउलीने माझी रीतसर मुलाखत घेतली. स्टायपेंड किती, राहायची सोय कुणाची, कँटीनला दोन्ही वेळचं मिळतं का, चाकणच्या रस्त्यावर ट्रॅफिक लई असतं म्हणे ते खरं का, मुलाला मशिनीवर उभं करणार की झेरॉक्स काढायला लावणार. शेवटचा प्रश्न मर्मावर होता. मी एमडींकडून घेतलेल्या आवाजात उत्तरं देत होतो. अखेर निकाल आला. “बरं. धाकल्या दिराला इचारते, ते एस्टीत हाईत. कळवतो तुमाला.”

“किती दिवस लागतील?”

“लागतील की आठ-धा दिवस.”

मी दहा दिवस दिले. एका फोनमध्ये मी १९४५ साल गाठलं होतं.

हो म्हणणारी मुलंही येतातच असं नाही. ऑगस्टात हो म्हटलेला मुलगा मेपर्यंत दहा ठिकाणी फिरून येतो. कुणाला मोठी कंपनी मिळते, कुणाला प्राध्यापक संशोधनाला बसवतात, कुणी ‘सर, फॅमिली इश्यू’ एवढं लिहून अंतर्धान पावतो. निम्मे गळतात, हा माझा अनुभव. आमच्या शॉपवर रिजेक्शन गृहीत धरून थोडा माल जास्त काढायची रीत आहे; विमान कंपन्याही जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. मी दोन्ही शास्त्रांचा आधार घेतला आणि हवी होती त्याच्या दुप्पट मुलं निवडली. कुणाला सांगितलं नाही. यशाची वाच्यता आधी करू नये.

त्याच वर्षी बड्या आयटी कंपन्यांनी निवडलेल्या मुलांना रुजू करून घेणं लांबणीवर टाकलं, बाजार थंडावला, आणि आयुष्यात प्रथमच माझी सगळी मुलं आली. एकूण एक. तासगावचाही. धाकट्या दिराचा होकार आला होता.

पण आली कधी? विद्यापीठाची परीक्षा पुढे गेली, मग ओरल पुढे गेल्या, आणि समर इंटर्न रुजू झाले ते जून संपताना, रेनकोट घालून. नेमका त्याच सोमवारी गिऱ्हाईकाचा वार्षिक शटडाउन सुरू झाला. त्यांची लाइन बंद, म्हणून आमचीही बंद. शटडाउन साधून सगळे सुपरवायझर गावी गेलेले, कुणी पेरणीला, कुणी वारीला. सकाळी साडेआठला गेटवरच्या सिक्युरिटीचा फोन आला. “सर, बरीच पोरं जमलीत. युनियनची वाटत नाहीत, लाइन लावून उभी आहेत.”

कारखान्यात त्या दिवशी मी, सिक्युरिटी, मेंटेनन्सचे चार जण आणि ती सगळी मुलं. शॉपवर जायला सेफ्टी शूज लागतात. स्टोअरने माझ्या मागणीप्रमाणे निम्मेच जोड मागवले होते, तेही सगळे आठ नंबरचे, कारण फॉर्मवर ‘साइज’चा रकाना नाही. मग एका तुकडीने शूज घालून मशिन बघायचं, बाहेर येऊन शूज उतरवायचे आणि पुढच्या तुकडीने घालायचे. मुलींनी पंजात वर्तमानपत्र कोंबलं. बंद मशिनीसमोर, दुसऱ्याच्या गरम शूजमध्ये उभं राहून भावी अभियंत्यांनी उत्पादनक्षेत्राचं पहिलं दर्शन घेतलं. भिंतीवर त्रिभाषिक वचन होतंच.

प्लँट हेडना मी गावी फोन लावला. त्यांनी विचारलं, “माझ्याकडे किती देताय?” म्हटलं, “म्हणाल तितके.” असा प्रेमाचा शब्द एचआरकडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते गप्प झाले.

सगळ्यांना प्रोजेक्ट वाटता वाटता प्रोजेक्ट संपले. टूल बदलायचा वेळ, कुलंटची गळती, ट्रॉलीची चाकं, कँटीनमधलं वाया जाणारं अन्न, सगळं वाटून झाल्यावर एक मुलगी उरली. शांत, चष्मा लावणारी, प्रॉडक्शनची. तिला मी म्हटलं, “तू आपल्या इंटर्न निवडीचा अभ्यास कर. कधी जावं, कसं जावं.” तिने मान डोलावली आणि माझ्या सगळ्या फायली मागितल्या. मी दिल्या. काचेचे ठोकळेही दाखवले.

शेवटच्या आठवड्यात सादरीकरण झालं. समोर एमडी, मोठे साहेब, प्लँट हेड. बाईंनी पडद्यावर फिशबोन काढला. आमच्याकडे कुठलाही बिघाड असला की हा माशाचा सांगाडा काढतात. मशीन, मटेरियल, मेथड, मॅन, चार काटे आणि प्रत्येकाला कारणांचे बारीक काटे. मशीनच्या काट्यावर काही नव्हतं. मटेरियलवर तिने लिहिलं होतं, ‘उत्तम’. म्हणजे ती स्वतः आणि मंडळी. मेथडवर फॉर्मचे दोन रकाने. आणि मॅनच्या काट्यावर एकच नोंद, ‘एचआर हेड’. पुढे कंस करून पाच वेळा ‘का?’ विचारलेलं होतं. पाचव्या ‘का’चं उत्तर होतं, ‘शेजारची कंपनी गेली म्हणून.’

प्लँट हेडनी टाळी वाजवली. ते गावाहून परत आल्यापासून संधीची वाट बघत होते.

तिची शिफारस सरळ होती. मोठ्या कंपन्यांच्या पाठीमागे धावू नका. त्या ऑगस्टात त्यांना हवी ती मुलं नेतात. ती मुलं एरवीही तुमच्याकडे आली नसती. तुम्ही फेब्रुवारीत या. तोवर पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागलेला असतो, मुलं दोन विषय जास्त शिकलेली असतात, बजेट बसत असतं, आणि ज्याला खरंच मशीन आवडतं पण इंग्रजीत पटकन बोलता येत नाही असा मुलगा तेव्हाही शिल्लक असतो. “सर, मीही उरले होते,” ती म्हणाली. “तुम्ही ऑगस्टात आलात तेव्हा कॉलेजला वाटलं होतं, तुम्ही मागच्या वर्षीचे राहिलेले आहात.”

एमडी खूश झाले. हे सगळं ते पहिल्यापासून म्हणत होते, असं त्यांनी जाहीर केलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, “फेब्रुवारीत पितृपक्ष नसतो ना?” नसतो म्हटल्यावर शिफारस मंजूर झाली आणि तिथल्या तिथे मुलीला पीपीओ देण्याचं ठरलं. एमडी स्वतः उठून म्हणाले, “वेलकम. तुझ्यापासून आपली पाइपलाइन सुरू झाली.”

“थँक यू, सर. मला सांगायला थोडा वेळ लागेल.”

“किती?”

“डिसेंबरपर्यंत. कॅम्पसला बाकीच्या कंपन्या येऊन जाऊ देत.”

एमडींनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या माणसाला घाई करायची नसते, हे मी नुकतंच एका नोबेलवाल्याकडून शिकलो होतो, म्हणून मी छताकडे पाहिलं.

फेब्रुवारीचा निर्णय आमच्याकडे पंधरा दिवस टिकला. मग एमडी पुन्हा एका परिसंवादाला गेले. तिथे चहाच्या टेबलावर त्यांना कळलं की, आमच्या मागच्या गल्लीतल्या कंपनीने तिसऱ्या वर्षाची मुलं कॉलेज उघडायच्या आधीच गाठली. संध्याकाळी फोन आला. “आपण फेब्रुवारीत जाणार म्हणजे सगळे नेऊन झाल्यावर जाणार?” मी म्हटलं, “तोच तर अभ्यासाचा निष्कर्ष आहे.” ते म्हणाले, “निष्कर्ष फायलीत ठेवा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटून या. त्यांच्यापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.”

आता हे अत्यंत चूक आहे, अडाणीपणाचं आहे आणि त्याच्याविरुद्ध माझ्याकडे सत्तर वर्षांचा पुरावा आहे, हे मला माहीत होतं. पण आपल्या आधी कुणी पोचलेलं नाही, हे वाक्य ऐकलं आणि मी गाडी काढली.

वर्गात दुसऱ्या वर्षाची मुलं होती. निम्म्यांना अजून मिशा फुटायच्या होत्या. मी तासभर कंपनीबद्दल बोललो, पाइपलाइन समजावली, पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्याचं आमंत्रण दिलं आणि विचारलं, “काही शंका?”

मागच्या बाकावरून एक हात वर आला. “सर, तोपर्यंत तुम्ही ह्याच कंपनीत असाल का?”

मी म्हटलं, “विचार करायला दहा दिवस द्या.”